गाडीतली एलईडी पट्टी: वीज छताच्या दिव्यातून घ्यावी की फ्यूज बॉक्समधून?

दार उघडताच पट्टी लागावी आणि बंद केल्यावर विझावी, एवढंच हवं असेल तर छताच्या दिव्याची वायर बरी. वेगळा स्विच लागत नाही. मात्र बऱ्याच गाड्यांत तिथे प्लस कायम चालू असतो आणि दाराचा स्विच मायनस तोडतो. पट्टीचा मायनस बॉडीला जोडलात तर ती रात्रंदिवस चालू राहणार! दोन्ही वायरी दिव्याच्याच टोकांना जोडायच्या. आधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून बघाच. शिवाय वायर खाली आणताना पुढच्या खांबात पडदा एअरबॅग (अपघातात खिडकीवर उघडणारी हवेची पिशवी) असू शकते, तिच्यावरून वायर नको.

फ्यूज बॉक्समधून घेतलं तर गाडी चालू असतानाही उजेड मिळतो. फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून वेगळी वायर काढून देणारा जोड) किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या जागी बसवा, एअरबॅगच्या फ्यूजला हात नको. मायनस बॉडीच्या बोल्टला, रंग खरवडून. दाट (जवळजवळ एलईडी असलेली) पट्टी मीटरला साधारण १.२ अँपिअर ओढते, म्हणून दोन मीटरला ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो.

मी फ्यूज बॉक्सच निवडेन. छताच्या दिव्याची लाइन जेमतेम पाच-दहा वॉटच्या बल्बसाठी असते. तिच्यावर पायाजवळची छोटी पट्टी ठीक, त्याहून जास्त नाही.