स्वीकारलेली ऑफर आणि मागून आलेली मोठी ऑफर: कोणती वाट धरायची?

पहिल्या कंपनीच्या पत्रावर सही झाली, घरी पेढे वाटून झाले. नोटीस पीरियड संपायला वीस दिवस उरलेत आणि दुसरीकडून मेल येतो. हातातली ऑफर १४ लाखांची, ही १८ लाखांची. पुण्याच्या आयटीत ९० दिवसांचा नोटीस पीरियड असलेल्या अनेकांवर ही वेळ येते. ज्याचा शेवटचा दिवस ठरलाय, त्या उमेदवाराला बाजारात एकदम भाव येतो.

समोर तीन वाटा असतात. दिलेला शब्द पाळून पहिलीकडे जाणं, रुजू होण्याआधीच पहिलीला नकार कळवणं, किंवा पहिलीकडे रुजू होऊन दोन-तीन महिन्यांत निघणं. कँटीनमध्ये सल्ला मिळतो तो बहुतेक तिसऱ्या वाटेचा, "आधी जॉइन तर हो, मग बघू." माझ्या मते तीच सगळ्यांत वाईट. पण त्याआधी दुसरी ऑफर खरोखर मोठी आहे का, हे तपासू. मी स्वतः एकदा या आकड्याला भुलले आहे.

दोन्हीकडे बेसिक (मूळ पगार) पॅकेजच्या निम्मा धरून एक उदाहरण मांडते. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, आणि व्हेरिएबल म्हणजे त्यातला कामगिरीवर ठरणारा, हमी नसलेला भाग.

| | पहिली | दुसरी |
|---|---|---|
| वार्षिक सीटीसी | १४,००,००० | १८,००,००० |
| व्हेरिएबल | ७०,००० | २,७०,००० |
| जॉइनिंग बोनस (एकदाच) | नाही | १,५०,००० |
| कंपनीचा पीएफ (बेसिकच्या १२ टक्के) | ८४,००० | १,०८,००० |
| ग्रॅच्युइटी (बेसिकच्या ४.८१ टक्के) | ३३,६७० | ४३,२९० |
| उरलेला पक्का पगार | १२,१२,३३० | १२,२८,७१० |
| दरमहा | सुमारे १,०१,००० | सुमारे १,०२,४०० |

चार लाखांचा फरक महिन्याला चौदाशे रुपयांवर आला. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ कापला, पहिलीकडे ७,००० आणि दुसरीकडे ९,०००, की खात्यात येणारी रक्कम दुसरीकडे सहाशे रुपयांनी कमीच भरते. पीएफ आपलाच असतो हे खरं, पण घराचा हप्ता त्यातून जात नाही. शिवाय २०२५-२६ पासून नव्या कररचनेत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही. बोनस आणि व्हेरिएबल धरून दुसरी ऑफर ही रेषा चांगलीच ओलांडते, म्हणजे कर बसतो. जॉइनिंग बोनस तर वर्षाच्या आत सोडलं तर बहुतेकदा परत करायचा असतो. काही पत्रांत करकपातीआधीची पूर्ण रक्कम मागण्याची अट असते, ते कलम शोधून वाचा.

प्रत्येक दुसरी ऑफर अशी पोकळ असते असं मी म्हणत नाही. पक्का पगारच ३० टक्क्यांनी वाढत असेल, काम तुम्हाला ज्या दिशेला जायचंय त्या दिशेचं असेल, किंवा घरून काम मिळून कोल्हापूरला आजारी आईजवळ राहता येणार असेल, तर नाही म्हणण्याचं कारण भक्कम आहे. त्यात अपराधी वाटून घेऊ नका. कंपन्याही शब्द फिरवतात. २०२२च्या सुमारास कॅम्पसमधून निवडलेल्या कित्येक फ्रेशरना ऑफर लेटर हातात असूनही रुजू होण्याची तारीख मिळायला कित्येक महिने लागले, काहींना तर दोन वर्षं. तेव्हा "शब्द म्हणजे शब्द" असं फक्त उमेदवाराला सुनावणं मला पटत नाही. पण फरक पक्क्या पगारात दहा टक्क्यांचा असेल आणि काम तेच असेल, तर मी पहिलीकडेच जाईन.

आता दुसरी आणि तिसरी वाट शेजारी ठेवून बघू.

रुजू होण्याआधी नाही म्हटलं तर कायद्याच्या दृष्टीने काय होतं? ऑफर स्वीकारली की १८७२च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे करार झाला असं म्हणता येतं. पण १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमुळे न्यायालय तुम्हाला जबरदस्तीने नोकरीवर पाठवत नाही. राहते नुकसानभरपाई. त्यासाठी सही केलेल्या पत्रात "रुजू न झाल्यास" अशी काही अट आहे का, ते बघायचं. रुजू झाल्यावर चित्र बदलतं. तिथून नोटीस पीरियड लागू होतो, बोनसची वसुली लागू होते आणि बाँड (ठरलेल्या काळाआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) असेल तर तोही. मे २०२५मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. बाँड म्हणजे नुसती भीती घालायचा कागद, असं समजू नका.

त्याहून चिवट असते ती पीएफची नोंद. पहिल्या पगारातून पीएफ कापला की तुमच्या यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाखाली, त्या कंपनीचं नाव चढतं. बायोडाटात ते दोन महिने गाळले तरी पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये सर्व्हिस हिस्टरी उघडली जाते आणि "हे कोणतं?" असा प्रश्न येतो. नोटीस न देता निघाला असाल तर रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र) मिळत नाही, आणि "ॲबस्काँडिंग", म्हणजे न सांगता गायब झाला, असा शिक्का बसला तर तो धुवून काढायला महिने जातात. रुजू होण्याआधी नाही म्हटलं, तर यातलं काहीच होत नाही.

आणि समोरच्यांचं नुकसान कशात जास्त? हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय. हिंजवडीत टीम लीड असताना एका सोमवारी आम्ही एका मुलाची वाट पाहत होतो. लॅपटॉप सेट करून ठेवलेला, त्यावर त्याच्या नावाची पिवळी चिठ्ठी, शेजारी फोटो छापलेलं ॲक्सेस कार्ड. दहा वाजले, अकरा वाजले. फोन वाजत राहिला, दुपारनंतर बंद लागायला लागला. तीन महिने आम्ही ती जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला नकार कळवला होता. त्या दिवशी तिला फोन केला, तर ती आदल्याच आठवड्यात दुसरीकडे रुजू झाली होती. पुढचे चार महिने त्या जागेचं काम टीममधल्या दोघांनी रात्री थांबून ओढलं. ती चिठ्ठी काढताना झालेला संताप मला अजून आठवतो.

दुसऱ्या वेळी एका मुलीने रुजू व्हायच्या सोळा दिवस आधी फोन केला. म्हणाली, "मॅडम, मला दुसरीकडे हवं ते काम मिळालंय, मी येत नाहीये, माफ करा." वाईट वाटलंच. पण त्याच संध्याकाळी आम्ही पुढच्या उमेदवाराशी बोललो आणि आठवड्यात जागा भरली. नकार दोघांचाही होता. आम्हाला महागात पडला तो सोमवार. तिसऱ्या वाटेत तर पहिले दोन महिने तुम्हाला शिकवण्यात कोणाचा तरी वेळ जातो आणि मग तुम्ही निघता. तेव्हा पुढचा उमेदवारही उरलेला नसतो.

कॅम्पसचं गणित वेगळं आहे. तिथे ऑफर कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमार्फत येते, बऱ्याच कॉलेजांत एका विद्यार्थ्याला एकच ऑफर असा नियम असतो, आणि तुमच्या नकाराची किंमत पुढच्या बॅचला मोजावी लागू शकते. तिथे आधी प्लेसमेंट अधिकाऱ्यांशी बोला, कंपनीशी नंतर.

दुसरी वाट धरायची ठरलीच, तर क्रम चुकवू नका. दुसरीकडचं पत्र लेखी, सहीसकट हातात आल्याशिवाय पहिलीला नाही म्हणायचं नाही. एचआरच्या तोंडी "हो, झालंच समजा" यावर विसंबून दोन्ही ऑफर गमावलेले लोक मी पाहिलेत. पत्र आलं, की मात्र त्याच दिवशी फोन करा. आधी एचआरला, मग ज्यांनी तुमची मुलाखत घेतली त्यांना. कन्सल्टन्सीमार्फत आला असाल तर त्यांनाही. बहुतेक ठिकाणी त्यांची फी उमेदवार टिकला तरच पक्की होते, त्यामुळे ते चिडतील, ऐकून घ्या. समोरून "त्यांच्याइतकं आम्ही देतो" असं आलं तर मी तरी थांबणार नाही. सही केल्यावर बोली वाढवून घेतलेला माणूस, ही ओळख पहिल्या दिवसापासून वागवावी लागते. नवीन कंपनीचं नाव आणि आकडा सांगायची गरज नाही. खोटं आजारपण तर अजिबात सांगू नका, क्षेत्र लहान आहे.

फोननंतर दोन ओळींचा मेल: अमुक तारखेची ऑफर स्वीकारली होती, रुजू होऊ शकत नाही, दिलगीर आहे. लॅपटॉप किंवा जॉइनिंग किट आधीच घरी आलं असेल तर त्याच आठवड्यात परत पाठवा आणि कुरिअरच्या पावतीचा फोटो त्याच मेलला जोडा.