स्टिअरिंगचा लोगो: वरून चिकटवायचा की ओरिजिनल बसवायचा?

भावा, स्टिअरिंगवरच्या लोगोचं क्रोम निघालं की दोनच रस्ते. एक म्हणजे उद्यमनगरात ॲक्सेसरीवाल्याकडं मिळतो तो मेटलचा, मागं डबल टेप असलेला, जुन्यावरच दाबून बसवायचा, स्वस्त, पाच मिनिटांत काम आणि दिसतोय पण नाद खुळा. पण त्याच्या मागंच एअरबॅग असतीय, ती सेकंदाच्या लहानशा भागात उघडती, आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत टेप ढिली झाली असली तर तो तुकडा सरळ तोंडावर. उगाच भीती घालत नाही, अमेरिकेत असाच खड्यांचा लोगो उडून एकाचा डोळा गेला, मग 2022 मध्ये तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्यानं लोकांना सावध केलं.

ओरिजिनलचा ताप वेगळा. बऱ्याच गाड्यांत लोगो एकटा मिळतच नाही, एअरबॅगच्या कव्हरसकटच घ्यायला लागतोय, खिसा रिकामा. शिवाय बॅटरी काढून थोडा वेळ थांबून मगच हात लावायचा, म्हणजे सर्व्हिस सेंटरच.

माझं विचारशील तर पैसे नसतील तर क्रोम निघालेलाच राहू दे, मेटलचा नको.