पुढे डेक असलेला पॉप-अप ट्रेलर: दोन डर्ट बाइकपर्यंत उत्तम

आमच्या घरात दोन डर्ट बाइक, म्हणजे मातीच्या वाटांवर चालवायच्या मोटरसायकली, आहेत. लेकीची होंडा सीआरएफ250एफ आणि धाकट्याची सीआरएफ110एफ. पिकअप नाही. दारात टोयोटा हायलँडर आहे, व्ही-सिक्स इंजिनाची, 5,000 पौंड ओढणारी. एवढ्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून होलिस्टर हिल्सला, म्हणजे डर्ट बाइक चालवायच्या पार्कला, जायचं, दोन रात्री राहायचं आणि बाइकही न्यायच्या, तर फार पर्याय उरत नाहीत. ज्याच्या पोटात बाइक जातात तो टॉय हॉलर नावाचा मोठा ट्रेलर आमच्या गाडीला झेपत नाही. शिवाय पेट्रोलचा वास सुटलेल्या खोलीत मुलांना झोपवायला माझा जीव धजत नाही. म्हणून आम्ही घडीचा पॉप-अप ट्रेलर घेतला, छत वर उचललं की कापडी तंबू उघडतो तसला, आणि पुढे उघडा डेक असलेला. वापरलेलाच घेतला, कारण या प्रकाराचे ट्रेलर मुख्यतः जुन्या बाजारातच सापडतात. फ्लीटवुडचा इव्होल्यूशन, जेकोचा बाहा, स्टारक्राफ्टची आरटी मालिका ही त्यातली ओळखीची नावं. आमचा कुठला ते सांगत नाही, कारण पुढे लिहिते आहे ते या सगळ्यांनाच लागू पडतं.

डेक म्हणजे ट्रेलरच्या खोक्यापुढे, हिचकडे (गाडीला ट्रेलर जोडायच्या जोडाकडे) जाणाऱ्या दांड्यांवर बसवलेला नक्षीदार अॅल्युमिनियम पत्र्याचा ओटा. बाइक त्यावर आडव्या उभ्या राहतात, रॅम्प बाजूने लागतो. मोठी बाइक साधारण सात फूट लांब असते, ती डेकच्या रुंदीत बसते. धाकट्याची बाइक तिच्या मागे, खोक्याला लागून, उलट्या तोंडाने, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. ही जागा पाहून विकणारा माणूस हमखास म्हणतो, "तीनसुद्धा मावतील." मावतीलही. पण डेकवर किती मावतं यापेक्षा हिचच्या गोळ्यावर किती भार येतो, हे आधी विचारायला हवं.

हिशोब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने घरी करावा. आमच्या ट्रेलरच्या चाकांपासून हिचच्या गोळ्यापर्यंत 14 फूट. डेकचा मध्य चाकांच्या पुढे 9 फुटांवर. म्हणजे डेकवर ठेवलेल्या वजनाचा चौदातला नऊ हिस्सा, जवळजवळ दोन तृतीयांश, थेट गाडीच्या मागच्या टोकावर येतो. मोठी बाइक सुमारे 265 पौंड, लहान 170, मिळून 435. त्यातले 280 पौंड गोळ्यावर. रिकाम्या ट्रेलरचा भार आधीच 220. झाले 500, आणि आमच्या हिचवर मर्यादा लिहिलेली आहे ती बरोबर 500. तिसरी बाइक डेकवर मावली तरी गाडीवर मावत नाही.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर असावा असा साधारण नियम आहे. त्याहून कमी असला तर ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवायला लागतो. जास्त असला तर गाडी मागून बसते, पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते. म्हणून कूलर आणि हेल्मेट-बूट-पॅडच्या पेट्या आम्ही चाकांच्या मागे ठेवतो, आणि पाण्याची टाकी अर्धीच भरतो. एक गॅलन पाणी म्हणजे 8.3 पौंड, पूर्ण भरलेली वीस गॅलनची टाकी म्हणजे आणखी एक लहान बाइकच. असं लावल्यावर आमचं एकूण वजन सव्वातीन हजार पौंडांच्या आसपास राहतं आणि हिचवर साधारण 470 येतात. अंदाजाने नाही, ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर चढवून पाहिलेलं आहे. बाइक न नेता नुसतंच कॅम्पिंगला जातो तेव्हा याच पेट्या उचलून पुढे डेकवर ठेवायच्या, नाहीतर पुढचा भार कमी पडतो.

आता बांधणं. बाइक आडवी उभी असल्यामुळे गाडीचा ब्रेक दाबला की ती पुढे घसरत नाही, कुशीवर कलते, आणि कलते ती गाडीच्या काचेच्या दिशेने. पिकअपच्या हौद्यात बाइक बांधायची सवय असलेल्यांच्या हे चटकन लक्षात येत नाही. त्यामुळे खोक्याच्या बाजूला ओढणारे पट्टे आम्ही सगळ्यांत जाड वापरतो, पुढच्या चाकाला पक्का चॉक (चाक जागच्या जागी धरणारी खाच), आणि हँडलच्या खाली कापडी फास, कारण लोखंडी आकडा थेट हँडलला लावला तर केबल दबतात. पुढचा शॉकअप थोडा दाबून पट्टा ताणायचा, तळाला लागेपर्यंत नाही. हायवेवर पंधरा-वीस मैल गेलं की बाइक बसते आणि पट्टे ढिले पडतात, तेव्हा पहिल्या थांब्यावर उतरून बघायचंच. हे काम आता लेक करते. गिलरॉयच्या अलीकडे पेट्रोलला थांबलो की माझ्या आधी ती उतरते, "आई, मागचा डावा सैल आहे," असं सांगते आणि तोवर तिने तो ताणलेलाही असतो. मला तिचं फार कौतुक वाटतं.

ओढायला ट्रेलर गुणी आहे. छत खाली बसलेलं असतं, त्यामुळे हायवे 101 वर वारा अंगावर येत नाही आणि आरशातून मागचं सगळं दिसतं. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा 55 मैल आहे, त्या वेगाला तो सरळ चालतो. होलिस्टरच्या पुढे सिएनेगा रोड अरुंद आणि वळणाचा आहे, तिथेही त्रास नाही, कारण चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. त्यासाठी गाडीत ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारं यंत्र, वेगळा बसवून घ्यावा लागला. त्या खर्चात काटकसर करू नका. गाडीच्या मागच्या चाकांना लांब मडफ्लॅपही लावा, नाहीतर उडणारे खडे थेट बाइकवर बसतात.

मुक्कामावर पोचल्यावर मात्र या रचनेची खरी अडचण कळते. पुढचा पलंग बाहेर सरकतो तो डेकच्या वर. म्हणजे बाइक उतरवल्याशिवाय अर्धं घर उघडतच नाही. शुक्रवारी ऑफिस संपवून निघालो की पोचेपर्यंत अंधार होतो. मुलं पेंगुळलेली, आणि आधी रॅम्प लावा, बाइक उतरवा, साखळीने ट्रेलरच्या चौकटीला बांधा, मग दांडा फिरवून छत वर चढवा. दव पडलं असेल तर पत्रा निसरडा होतो. आम्ही डेकवर खरखरीत चिकटपट्टी लावून घेतली, तेव्हापासून पाय घसरत नाही. उशिरा पोचणाऱ्यांनी हा अर्धा-पाऊण तास धरूनच निघावं.

एकदा उघडला की चौघांना दोन पलंग, मध्ये बसायला टेबल, लहान हीटर. बाहेरच्या शेगडीवर सकाळी पोहे होतात तेव्हा बाइक तंबूबाहेर उभ्या असतात, धूळ आणि पेट्रोल दोन्ही आमच्या अंथरुणापासून लांब. पेट्रोलचा कॅनही कायम डेकवर, आत कधीच नाही. या एका गोष्टीसाठी मी हा ट्रेलर कुठल्याही टॉय हॉलरपेक्षा वर धरते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: बाइकला ग्रीन स्टिकर (रस्त्याबाहेर चालवायच्या गाड्यांची कॅलिफोर्नियातली नोंदणी) आणि स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणग्या बाहेर पडू न देणारा भाग) हवा, आवाजाची मर्यादा 96 डेसिबल आहे, आणि होलिस्टर हिल्सची माती पावसानंतर इतकी चिकट होते की ट्रेल बंद ठेवतात. हिवाळ्यात निघण्याआधी चौकशी करा.

विकत घेणार असाल तर टायरची नक्षी पाहून भुलू नका. टायरच्या कडेवरच्या डॉट नंबरातले शेवटचे चार अंक वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षांच्या वरचे टायर असतील तर ते बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. ट्रेलर पूर्ण उघडून दाखवायला सांगा, कापडाच्या शिवणी उन्हात धरा. आणि डेक जिथे खोक्याला मिळतो तिथली पुढची भिंत व जमीन अंगठ्याने दाबून पाहा. चाकांनी उडवलेलं आणि पावसाचं पाणी तिथेच मुरतं, आणि आतलं लाकूड मऊ लागलं तर तो ट्रेलर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.