फॅन फिरतोय, पण वारा ओढतोय का? जुन्या गाडीच्या रेडिएटर फॅनचा नऊ महिन्यांचा अनुभव

मे महिन्यात गाडीला नवा रेडिएटर फॅन, नवा थर्मो स्विच (पाणी ठरावीक गरम झालं की फॅन चालू करणारा) आणि फॅनपुरतं नवं वायरिंग करून घेतलं. आता फेब्रुवारी आहे. मधे अख्खा पावसाळा, गणपतीतली पुण्याची गर्दी, ऑक्टोबर हीट आणि दिवाळीतली कोल्हापूरची फेरी होऊन गेली, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल. गाडी २००१ सालची पेट्रोल हॅचबॅक, वडिलांनी घेतलेली, १ लाख ३४ हजार किलोमीटर झालेली. ती मला विकायची नाही, म्हणून हे सगळं इतकं मनावर घेतलं.

तक्रार अशी होती की हायवेला टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या खाली राहायचा आणि कात्रज चौकात दहा मिनिटं अडकलो की पाऊणच्या पुढे जायचा. अर्धं निदान इथेच होतं, फक्त तेव्हा मला ते कळलं नाही. गाडी पन्नास-साठच्या वेगात असली की समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, फॅनचं काम पडतं ते गाडी रांगत असताना. म्हणून गर्दीत गरम आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक, असं असेल तर आधी फॅन बघायचा. उलट असेल, म्हणजे हायवेलाच काटा चढत असेल, तर रेडिएटर चोक होणं, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) किंवा वॉटर पंप यांच्याकडे वळायचं. आणखी एक खूण होती. एसी लावला की फॅन लागायचा, नुसत्या इंजिनच्या गरमीने मात्र लागायचा नाही. म्हणजे मोटर आणि फ्यूज जिवंत होते, फॅनला हुकूम देणारा थर्मो स्विच मेला होता.

पहिल्या गॅरेजमध्ये सांगितलं, ‘थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकू आणि फॅन डायरेक्ट करू. आपल्याकडच्या हवेत वॉल्व्हची गरजच नसते.’ वॉल्व्ह मी काढू दिला नाही, आणि तुम्हीही देऊ नका. वॉल्व्ह नसला की इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि थंड इंजिनची झीज वाढते. फॅन मात्र डायरेक्ट झाला. डॅशबोर्डखाली एक बटण, तिथून बारीक वायर थेट मोटरला, मधे रिले (बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. बटण दाबलं की फॅन फिरायचा. पंधरा दिवस मला वाटलं, काम झालं.

मग वाईला जाताना खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढत असताना काटा सरळ लालवर गेला. फॅनचं बटण चालूच होतं. गाडीत आई होती. एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल्ल केला. मे महिन्यात आईला ते सोसवत नव्हतं, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची बरीच उष्णता ओढून घेतो. काटा थोडा उतरला, तेवढ्यात बाजूला जागा मिळाली. चाळीस मिनिटं बॉनेट उघडं ठेवून थांबलो. रेडिएटरची कॅप उघडली नाही. ती कॅप म्हणजे कुकरची शिट्टीच. माझ्या कॅपवर ०.९ लिहिलंय, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ०.९ पट जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. पण गरम असताना कॅप काढली तर ते क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. नशिबाने हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील, जे जास्त तापलं की जातं) वाचलं.

परत आल्यावर आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या वायरमन काकांकडे गेलो. मी म्हणालो, ‘काका, फॅन तर फिरतोय.’ ते म्हणाले, ‘फिरतोय रे, पण ओढतोय का?’ त्यांनी रद्दीतला पेपरचा एक ताव घेतला आणि इंजिन चालू ठेवून पुढच्या जाळीवर धरला. फॅन मागून वारा ओढतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटून बसायला हवा. आमचा कागद जरा थरथरला आणि घसरून खाली पडला.

मग काकांनी मला व्होल्ट मोजायचा मीटर लावायला शिकवलं. माझ्या मते या दुरुस्तीत सर्वांत मोलाची गोष्ट तीच. बॅटरीवर १३.८ व्होल्ट. फॅन चालू असताना मोटरच्या कनेक्टरवर ९.६. चार व्होल्टच्या वर वाटेतच गळत होते. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी मोटरच्या प्लसवर ठेवली, तर २.७. मोटरच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत १.५, म्हणजे अर्थिंगही खराब. मोजताना फॅन चालू असलाच पाहिजे. बंद असताना करंट वाहत नाही, म्हणून व्होल्टेज पूर्ण दिसतं आणि फसायला होतं. नुसता टेस्ट लॅम्प लावून ‘सप्लाय येतोय’ म्हणणं याच कारणाने अपुरं आहे.

कनेक्टर ओढून काढला तेव्हा सगळं दिसलं. एका पिनेवर हिरवट पावडर, दुसरीच्या भोवतालचं पांढरं प्लॅस्टिक काकवीसारखं तपकिरी होऊन पिनेला चिकटलेलं, आणि हाताला जळकट वास. डॅशबोर्डखालचं ते बटणही मागून वितळायला आलं होतं. फॅन नऊ-दहा अँपिअर ओढतो, मोटर झिजली की आणखी. तेवढा करंट बारीक वायर आणि साध्या बटणातून नेला तर घाटात गाडी गरम होणं हा नुकसानीतला बरा प्रकार म्हणायचा, वायरिंग पेटूही शकतं.

थर्मो स्विच घरीच तपासला. त्यावर ९५-९० कोरलेलं असतं, म्हणजे ९५ अंशांना लागतो आणि ९० ला सुटतो. जुन्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून स्विचचं फक्त पितळी टोक त्यात बुडवलं आणि वर मीटर लावला. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, तेव्हा तो लागायलाच हवा होता. लागला नाही. (महाबळेश्वरला हा प्रयोग करू नका, तिथे पाणी ९५-९६ लाच उकळतं.)

नाना पेठेतून सामान आणलं. पातं आणि मोटर मिळून १,४५०, थर्मो स्विच ३२०, सॉकेटसह रिले १८०, शिवाय वायर, फ्यूज होल्डर आणि कूलंट. मोटर बदलणं खरंच गरजेचं होतं का? वायरिंग नीट केल्यावर जुन्या मोटरला १३ च्या वर व्होल्ट मिळू लागले, तरी ती सुरू होताना किंचाळत होती आणि काकांच्या क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) १७ अँपिअर दाखवत होती. उघडली तर दांडा ज्यात फिरतो ते बुश सैल आणि कार्बन ब्रश संपत आलेले. नवी ९ ओढते. पण क्रम हाच ठेवा, आधी वायरिंग आणि मग मोटर. उलटा क्रम लावला असता तर नवी मोटरही ९.६ व्होल्टवरच रांगत राहिली असती.

आता रिलेच्या ३० नंबरला बॅटरीवरून फ्यूजमधून जाड वायर, ८७ वरून मोटर, ८६ ला इग्निशनचा सप्लाय आणि ८५ थर्मो स्विचमधून अर्थला. डॅशबोर्डचं बटण मी काढलं नाही, पण ते आता थर्मो स्विचच्या जोडीला फक्त ८५ ला अर्थ देतं. त्यातून नाममात्र करंट जातो आणि स्विच दगा देईल त्या दिवशी ते कामाला येईल. मोटरच्या वायरवरून एक छोटा एलईडी डॅशबोर्डवर आणलाय. फॅन लागला की तो पेटतो, त्यामुळे कान टवकारून बसावं लागत नाही.

बसवताना एक घोळ झाला, तो सांगायलाच हवा. नव्या मोटरच्या वायरींचे रंग जुन्यापेक्षा वेगळे होते. जोडल्यावर फॅन जोरात फिरला, पण जाळीवरचा कागद चिकटायच्या ऐवजी उडून गेला. मोटर उलटी फिरत होती! दोन वायरी अदलाबदल केल्या आणि कागद फटकन चिकटला. कागद लावला नसता तर हे कळलंच नसतं.

नऊ महिन्यांचा हिशेब बहुतेक चांगला आहे. नवले पुलाजवळ अर्धा तास अडकलो तरी काटा निम्म्याच्या जरा खालीच. फॅन दोनेक मिनिटं चालतो, मग तीन-चार मिनिटं बंद. उणिवाही आहेत. आवाज मूळ फॅनपेक्षा स्पष्ट जास्त आहे, सिग्नलला काच खाली असली की जाणवतो. फॅनभोवतीच्या शेडची (कव्हरची) भोकं जुळत नव्हती, दोन ठिकाणी कानस मारावी लागली. जूनमध्ये कूलंट बोटभर कमी झालं, तेव्हा थर्मो स्विचच्या वॉशरमधून थेंब येत असल्याचं दिसलं. नवा तांब्याचा वॉशर टाकून कसल्यावर थांबलं. जुलैत मुसळधार पावसात रिले टकटक करू लागला. मी तो बॅटरीच्या खाली लावला होता, तिथे पाणी उडतं. वर हलवला, तोंड खाली केलं, पिनांना व्हॅसलीन लावलं, नंतर त्रास नाही.

गेल्या रविवारी पुन्हा फॅन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १३.९, मोटरवर १३.४. पुढच्या महिन्यात गाडीचं पासिंग आहे. त्याआधी रेडिएटर कॅपचं रबर कडक झालंय, तेवढी कॅप बदलणार आहे.