द्रवातील स्निग्धांश ओळखायचा कसा : कागद, स्पिरिट, रंग की गर्बर?

विज्ञान प्रदर्शनासाठी ‘रोजच्या द्रव पदार्थांतील स्निग्धांश’ हा विषय घेतला, की कोणती चाचणी निवडावी हा पहिला प्रश्न शिक्षकांपुढे उभा राहतो. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शाळेत सातवी-आठवीच्या मुलांसोबत मी कागद, स्पिरिट आणि रंग या तिन्ही चाचण्या केल्या आहेत. दुधातील स्निग्धांशाची टक्केवारी मोजणारी गर्बर चाचणी मुलांना दूध संकलन केंद्रावर नेऊन दाखवली. या अनुभवातून झालेले माझे मत असे, की एकच चाचणी सगळ्या द्रवांना पुरत नाही आणि दुधाचा विचार तर वेगळाच करावा लागतो.

कागदाची चाचणी सर्वांत स्वस्त आहे. पांढऱ्या कागदावर पाणी, ताक, वरणाचे वरचे पाणी आणि जवसाचे तेल यांचा एकेक थेंब ठेवावा, कागद पूर्ण वाळू द्यावा आणि मग तो उजेडासमोर धरावा. पाण्याचा डाग उडून जातो, तेलाचा राहतो आणि त्यातून प्रकाश पलीकडे जातो. कागदाच्या तंतूंमधल्या पोकळ्यांत हवा असते तोवर प्रकाश विखुरतो व कागद पांढरा दिसतो. तेल त्या पोकळ्या भरते आणि तेलात प्रकाशाचे वक्रीभवन जवळजवळ तंतूंइतकेच होत असल्याने विखुरणे कमी होते. ही चाचणी उन्हाळ्यात लवकर आटोपते, पावसाळ्यात मात्र अर्धवट ओला डागच तेलकट समजण्याची चूक मुलांकडून हमखास होते. म्हणून पाण्याचा थेंब शेजारी हवाच. ताकासारख्या द्रवात प्रथिने आणि साखरही वाळून डाग ठेवतात, त्यामुळे तेथे कागदाचा निर्णय डळमळीत असतो.

स्पिरिटची चाचणी अधिक संवेदनशील आहे. परीक्षानळीत थोड्या स्पिरिटमध्ये, म्हणजे तीव्र अल्कोहोलमध्ये, नमुन्याचे काही थेंब टाकून हलवावे, गाळ बसू द्यावा आणि वरचे नितळ स्पिरिट तेवढ्याच पाण्यात ओतावे. स्निग्धांश असेल तर पाणी दुधाळ होते, कारण स्पिरिटमध्ये विरघळलेले तेल पाणी मिसळताच बारीक थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. त्यासाठी स्पिरिट नव्वद टक्क्यांहून तीव्र असावे. हात निर्जंतुक करण्याच्या जेलमध्ये पाणी आणि घट्टपणा आणणारे घटक असल्याने ते चालत नाही. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांतील शाळांनी शुद्ध इथेनॉलच्या मागे न लागता प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. स्पिरिट चटकन पेट घेते, त्यामुळे जवळ शेगडी किंवा मेणबत्ती नसावी.

विद्राव्यतेच्या दृष्टीने हीच चाचणी मला सर्वांत समृद्ध वाटते. जवसाचे तेल पाण्यावर तरंगते आणि स्पिरिटच्या तळाशी जाते, कारण त्याची घनता पाण्यापेक्षा कमी पण स्पिरिटपेक्षा जास्त आहे. सरकीच्या तेलाचेही तसेच होते. एरंडेल मात्र तीव्र स्पिरिटमध्ये सहज मिसळून जाते. त्यातील रिसिनोलिक आम्लाच्या रेणूवर असलेला हायड्रॉक्सिल गट त्याला अल्कोहोलच्या जवळ आणतो. ‘सगळी तेले सारखी’ हा मुलांचा समज या एका नळीने मोडतो.

सुदान-३ या रंगाने तेलाचा थर लाल होतो आणि पाणी रंगहीन राहते, हे दिसायला फार ठसठशीत असते. तरीही शाळेसाठी मी तो सुचवत नाही, कारण या रंगाला भारतात खाद्यपदार्थांत परवानगी नाही आणि लहान हातांत तो द्यावा असे मला वाटत नाही. आपल्याकडे त्याला उत्तम पर्याय आहे. रश्श्यावरची तर्री लाल का असते? मिरचीतील कॅप्सॅन्थिनसारखी रंगद्रव्ये तेलात विरघळतात, पाण्यात नाही. कोमट तेलात भिवापुरी मिरचीचे तिखट ढवळून थोडा वेळ ठेवावे, गाळून ते पाण्यावर ओतावे. लाल थर वर, पाणी खाली. मात्र ही पद्धत तेल वेगळा थर धरते तेथेच उपयोगी आहे. दुधातील स्निग्धांश सूक्ष्म गोलकांच्या रूपाने पसरलेला असतो, त्यामुळे तेथे वेगळा थर दिसत नाही.

दुधात स्पिरिटही फसवते. त्यातील केसीन हे प्रथिन स्पिरिटने साकळते, आणि या पांढऱ्या गुठळ्या पाहून मुले लगेच ‘स्निग्धांश सापडला’ म्हणतात. नितळ भाग बाजूला काढल्याशिवाय निकाल ग्राह्य धरू नये. शिवाय ‘दुधाला फॅट किती लागली’ या शेतकऱ्याच्या खऱ्या प्रश्नाला वरीलपैकी एकाही चाचणीत आकडा मिळत नाही. तो मिळतो १८९२ सालापासून वापरात असलेल्या गर्बर पद्धतीत. ब्युटिरोमीटर या खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिली दूध आणि १ मिली अमिल अल्कोहोल घेतात. आम्ल प्रथिने विरघळवते, वेगाने फिरणारे केंद्रोत्सारी यंत्र स्निग्धांश वर आणते आणि टक्केवारी नळीवरच वाचता येते. हे आम्ल मुलांच्या हाती कधीही देऊ नये, चाचणी केंद्रावर दुरूनच पाहावी. तुलनेसाठी ३ टक्क्यांचे टोन्ड आणि १.५ टक्क्यांचे डबल टोन्ड दुधाचे पाकीट सोबत न्यावे. कागदावर या दोहोंतील फरक कळत नाही, ब्युटिरोमीटरवर तो स्पष्ट दिसतो. घरचे दूध नेताना नमुना काढण्यापूर्वी ते दोन-तीनदा एका भांड्यातून दुसऱ्यात ओतावे. उभ्या दुधात स्निग्धांश वर चढतो आणि वरून घेतलेल्या नमुन्याची फॅट जास्त लागते.