सी-६० तेलाच्या जाहिरातीतला तो अभिप्राय माझा आहे

‘तीन आठवड्यांत अंगात तरतरी आली, गुडघे दुखायचे थांबले.’ सी-६० तेलाच्या जाहिरातीत हे वाक्य दिसलं तर त्यावर जाऊ नका. ते मी लिहिलंय.

सी-६० म्हणजे साठ कार्बन अणूंचा, फुटबॉलसारखा गोल रेणू, फुलरीन. तो ऑलिव्ह तेलात विरघळवून तारुण्य टिकवणारं टॉनिक म्हणून विकतात. रेणू खरा आहे. १९८५ साली सापडला आणि क्रोटो, कर्ल, स्मॉली या तिघांना १९९६चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. विक्रेत्याने मला इथूनच घोळात घेतलं. नोबेल रेणू शोधल्याबद्दल होतं, चमच्याने पिण्याबद्दल नव्हतं, एवढी साधी गोष्ट तेव्हा सुचली नाही.

मग उंदीर आले. २०१२च्या एका प्रयोगात हे तेल पाजलेले उंदीर जवळपास दुप्पट जगले म्हणे. तसं छापून आलंय, खोटं नाही. पण एका गटात उंदीर होते अवघे सहा, आणि नुसतं ऑलिव्ह तेल दिलेलेही पाणी दिलेल्यांपेक्षा जास्त जगले होते. हे मी वाचलं तिसरी बाटली संपत आल्यावर.

‘लोकांचं ऐकू नका, स्वतःवर प्रयोग करा, वही ठेवा,’ असं विक्रेता म्हणायचा. मला ते फार शास्त्रीय वाटलं. रोज सकाळी एक चमचा आणि वहीत नोंद. आज ती वही चाळताना लाज वाटते. एका पानावर लिहिलंय, ‘गाढ झोप. तेलाचा गुण!’ त्याच्याच खाली: ‘संध्याकाळची कॉफी बंद करून आठवडा झाला. चार किलोमीटर चाललो.’ बरं वाटलं की श्रेय तेलाला. काहीच वाटलं नाही की मात्रा कमी पडली. पोट बिघडलं, डोकं धरलं, तर तो सांगायचा की शरीरातली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे. म्हणजे हरायची सोयच नव्हती.

तिसरी बाटली आली ती साध्या पारदर्शक काचेची. उजेडात धरली तर तळाशी काजळीसारखा बारीक काळा गाळ. विचारलं तर म्हणाला, ‘हलवून घ्या, तोच तर अर्क.’ ऑलिव्ह तेलात सी-६० मिलिलिटरमागे जेमतेम एक मिलिग्रॅम विरघळतं. लेबलवर आकडा पाचचा होता. उरलेलं विरघळलंच नव्हतं, मी ते तसंच गिळत होतो. शिवाय हा रेणू काजळीतून वेगळा काढायला बऱ्याचदा टोल्युइन वापरतात, रंगाच्या थिनरमधलं. ते पुरतं काढून टाकलंय का, हे घरी कळायला काही मार्ग नाही.

शुद्धतेचा दाखला मागितला. चार दिवसांनी एक फोटो आला. त्यावरचा बॅच क्रमांक माझ्या बाटलीचा नव्हता आणि तारीख खोडलेली होती.

आणि बाटली मी ठेवायचो कुठे? खिडकीत. सकाळी नजरेसमोर राहावी, विसरायला नको म्हणून. पुढे आणखी एक संशोधन वाचलं, उंदरांवरचंच: आयुष्य तर वाढलं नाहीच, पण उजेड लागलेलं हे तेल विषारी ठरलं, दोन आठवड्यांच्या आत उंदीर आजारी पडले, काही दगावले. ते वाचून उठलो आणि आधी खिडकीतली बाटली काढली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सुदैवाने काही निघालं नाही. ‘हे घेताय हे आधी का नाही सांगितलंत?’ एवढंच त्यांनी विचारलं.

पैसे परत मिळाले नाहीत. सील तोडलेली बाटली परत घेत नाहीत म्हणे. त्यावर मी पाणी सोडलं. पण तिसऱ्या आठवड्यात, पुढच्या बाटलीवर सवलत मिळेल म्हणून लिहून दिलेला तो अभिप्राय काढा, असं तीनदा कळवलं. उत्तर नाही. परवा पाहिलं तर जाहिरातीत तो अजून होता, फक्त ‘तीन आठवड्यांत’च्या जागी ‘तीन दिवसांत’ झालं होतं.