केबलवरचा स्पीडोमीटर दुरुस्त करून आठ महिने: काटा आणि किलोमीटर वेगवेगळे तपासा

गाडी शंभर सीसीची, जुनी. पुढचा टायर 2.75-18, मीटर साधा, पुढच्या चाकाच्या हबमधून केबलवर फिरणारा. काटा भरमसाट जास्त दाखवत होता. जानेवारीत मीटर उघडून दुरुस्त केला, आता ऑगस्ट संपत आलाय. मध्ये कोल्हापूरचा बहुतेक पावसाळा आणि सुमारे सात हजार किलोमीटर झाले. दुरुस्ती टिकली. पण ती टिकली कारण बिघाड नेमका कुठे आहे हे आधी कळलं होतं, म्हणून तपासणीबद्दलच जास्त लिहितोय.

मीटरच्या एकाच डब्यात दोन वेगळी यंत्रं असतात. किलोमीटरचे आकडे दात्यांच्या चाकांवर फिरतात: केबलचे ठरावीक फेरे झाले की एक किलोमीटर, त्यात ढिलाई नाही. काट्याला मात्र केबल थेट जोडलेली नसते. केबल एक चुंबक फिरवते, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. त्यामुळे काटा चुकतोय आणि किलोमीटर बरोबर आहेत, तर दोष मीटरच्या आत आहे. दोन्ही सारख्याच टक्क्यांनी चुकत असतील तर दोष बाहेर आहे, टायरच्या मापात किंवा वर्मच्या (चाकाच्या हबमधला, केबल फिरवणारा दातेरी भाग) दात्यांच्या प्रमाणात. हे न बघता काटा उपटून सरकवणारे पुष्कळ भेटतात. तसं केलं की एका वेगाला मीटर बरोबर होतो आणि बाकी सगळीकडे चुकतो.

तपासणी गोकुळ शिरगाव ते कागल या हायवेच्या सरळ पट्ट्यावर केली, रविवारी सकाळी साडेसहाला. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुरू झाल्या की एका वेगाने पंधरा सेकंद जाणंही मुश्कील होतं. फोनवर कुठलंही साधं जीपीएस स्पीडचं ॲप चालतं. फोन मागच्याच्या हातात द्यायचा. गाडी चालवणाऱ्याने काटा नेमका 40 वर धरायचा, पंधरा सेकंद तसाच ठेवायचा आणि मग 'आता' म्हणायचं. मागच्याने त्या क्षणी फोनवरचा आकडा वाचायचा. थांबायचं कारण असं, की जीपीएसचा आकडा सेकंद-दोन सेकंद मागे असतो. मागच्याने खांद्यावरून काटा वाचू नये. काटा डायलपासून थोडा वर असतो, तिरकं बघितलं की दोन-तीन किलोमीटरचा फरक सहज पडतो. इंजिन-मीटर दहा-पंधरा मिनिटं गरम झाल्यावरच आकडे घ्यावेत आणि प्रत्येक वेगाला किमान तीन वेळा. चारपदरी हायवेवर दुचाकीला केंद्राची कमाल मर्यादा 80 आहे, त्यापुढे तपासायची गरजही नाही.

दुरुस्तीआधीचे आकडे असे: काट्यावर 40 असताना खरा वेग 33, 60 ला 50, 80 ला 66. म्हणजे सगळीकडे वीस-एकवीस टक्के जास्त. नवा मीटर थोडा जास्त दाखवतोच, तसं ठरवूनच बनवतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक 39 प्रमाणे, प्रमाणनाच्या चाचणीत काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही आणि जास्तीत जास्त खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक 4 किलोमीटर इतकाच पुढे जाऊ शकतो. खरा वेग 66 असेल तर 10.6 ची मुभा, इथे फरक 14 चा होता.

फरकाची चाल बघायला विसरू नका. 40 लाही 5 जास्त आणि 80 लाही 5 च जास्त, असं असेल तर काटा दांड्यावर सरकलाय. वेगाबरोबर फरक वाढत असेल तर चुंबक, स्प्रिंग, वाटी किंवा टायर. इथे फरक वाढत होता.

मग किलोमीटर. किमान 20 किलोमीटर सरळ रस्ता घ्या. शेवटचा आकडा शंभर मीटरचा असतो, त्यामुळे 10 किलोमीटरवर वाचण्यातच एक टक्का चूक होते, 20 वर अर्धा. हायवेच्या दगडांवर विसंबू नका, सहापदरीच्या कामात बरेच हललेत. जोतिबाच्या किंवा गगनबावड्याच्या वळणांवर तर मोजूच नका, जीपीएस वळणं कापतं आणि अंतर कमी भरतं. जीपीएसवर 20.0 झाले तेव्हा मीटरवर 20.3 होते. दीड टक्का. टायरची नक्षी चार मिलिमीटर झिजली होती, त्रिज्या साधारण 298 मिलिमीटर, म्हणजे सव्वा टक्क्याच्या पुढे तिथेच गेलं. बाकी हवा थोडी कमी. किलोमीटर ठीक, काटा वीस टक्के पुढे: दोष मीटरच्या आत.

आत उघडल्यावर कारण डोळ्यासमोर होतं. चुंबक आणि वाटीच्या मधल्या फटीत काळपट, मधासारखं चिकट तेल. कुणीतरी कधीतरी केबलमध्ये वरून तेल ओतलं होतं. केबलची आतली तार पिळाची असते, फिरताना ती तेल स्क्रूसारखं वर चढवते आणि ते मीटरमध्ये जातं. चिकट तेलाची ओढ वेगाबरोबर वाढते, म्हणून चूकही सगळ्या वेगांना साधारण सारख्याच टक्क्यांची दिसते आणि लोक टायरला दोष देतात. ओळखायची खूण अशी, की गाडी थांबल्यावर काटा शून्यावर आळसावून येतो आणि थंडीत सकाळी जास्त चुकतो. उलट चुंबक म्हातारा झाला असेल तर काटा कमी दाखवतो. तो परत चार्ज करावा लागतो, ते मीटरवाल्याचंच काम.

काटा काढण्याआधी तो शून्याच्या खुंटीवरून अलगद उचलून पलीकडे सोडा. स्प्रिंगचा ताण संपेल तिथे तो थांबतो, त्या जागी डायलवर पेन्सिलची बारीक खूण करा. परत बसवताना काटा त्याच खुणेवर दाबायचा आणि मग खुंटीवरून मागे आणायचा. ही खूण चुकली की सगळी मेहनत वाया. डायलवर जाड कागद ठेवून, दोन चमच्यांनी दोन्ही बाजूंनी सारखं उचललं की काटा सरळ निघतो. एका बाजूने पक्कडीने ओढला तर दांडा वाकतो. चुंबक आणि वाटी व्हाइट पेट्रोलने धुऊन पूर्ण कोरडी केली. स्पिंडलला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, चुंबक-वाटीला काही नाही. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, स्प्रिंगचे वेढे एकमेकांत अडकतात. किलोमीटरच्या आकड्यांना हात लावला नाही आणि उघडतानाचं रीडिंग बिलावर लिहून घेतलं.

रस्त्यावर नेण्याआधी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे मीटर मोटरवर लावून पाहिला, हा भाग सर्वात उपयोगाचा ठरला. डायलवर K 1.4 असं बारीक छापलं असेल तर केबलचे 1400 फेरे म्हणजे एक किलोमीटर. म्हणजे 1400 आरपीएमला (मिनिटाला 1400 फेरे) काटा बरोबर 60 वर हवा, 700 ला 30 वर. लेथच्या साध्या चार पोलच्या मोटरवर 1440 लिहिलेलं असतं, पण तो पूर्ण लोडचा आकडा. मोकळी ती 1490 च्या आसपास फिरते, म्हणून लेसर टॅकोमीटरने मोजूनच घ्या. 1490 ला हिशेबाने 64 हवेत, काटा 66 च्या किंचित पुढे थांबला. साधारण पावणेचार टक्के जास्त. फिरवण्याआधी चाक हाताने फिरवून केबल कोणत्या दिशेने फिरते ते पाहा, उलटं फिरवलं तर किलोमीटर मागे जायला लागतात.

दुरुस्तीनंतर रस्त्यावर 40 ला 38, 60 ला 57, 80 ला 76. पाच टक्के जास्त: पावणेचार मीटरचे, उरलेले झिजलेल्या टायरचे. ते मुद्दाम तसंच ठेवलं. शून्यावर आणलं असतं तर नवा टायर बसताच काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायला लागला असता. केबल, वर्म आणि मजुरी मिळून खर्च साडेपाचशेच्या आत.

आठ महिन्यांत दोन गोष्टी झाल्या. जुलैत काटा 20-30 च्या दरम्यान थरथरायला लागला. केबल हँडलजवळ टाय लावून घट्ट बांधली होती, तिथे बाक आला होता. टाय सैल केला, आतली तार काढून पुसली आणि ग्रीसचा पातळ हात दिला, पण वरचा सहा इंच भाग कोरडा ठेवून. थरथर गेली. दुसरं म्हणजे पंक्चरनंतर मीटर बंदच पडला. चाक बसवताना वर्मचे दोन कान हबच्या खाचेत न बसवता ॲक्सल आवळला होता, कान चेपले, नवा वर्म घालावा लागला. पुढचं चाक काढलं की ॲक्सल आवळण्याआधी चाक फिरवून केबलचं टोक फिरतंय का ते बघा, दहा सेकंदांचं काम आहे.

टायर बदलणाऱ्यांसाठी हिशेब: पुढे 19 इंची चाक असलेल्या बुलेटला 90/90 च्या जागी 100/90 घातला की घेर साधारण 2025 वरून 2082 मिलिमीटर होतो, 2.8 टक्के. काटा आणि किलोमीटर दोन्ही तितके कमी दाखवणार, आणि खरं ॲव्हरेज 50 असेल तर हिशेबात 48.6 दिसणार. इंजिनात दोष शोधत बसू नका.

डिजिटल मीटरवर सेन्सरचे पल्स बदलणारा छोटा डबा बसवतात. गिअरबॉक्सवर सेन्सर असलेल्या गाडीला पुढचं स्प्रॉकेट 14 दात्यांचं 15 दात्यांचं केलं तर फरक 7.1 टक्के पडतो, तिथे तो डबा योग्य. पण अनेक गाड्यांत वेग ठरवून जास्त दाखवलेला असतो आणि किलोमीटर बरोबर असतात. दोन्हींना पल्स तेच जातात, त्यामुळे डब्याने वेग सुधारला की किलोमीटर कमी पडायला लागतात. अशा गाडीला हात लावू नये. एबीएसच्या सेन्सरची वायर तर कापूच नये.

शेवटची तपासणी गेल्या रविवारी केली: 60 ला अजूनही 57. काचेच्या खालच्या कोपऱ्यात पावसात धुकं धरतं, कारण जुना रबर सील परत नीट बसला नाही. उघडतानाच नवा सील घ्यायला हवा होता. पुढचा टायर दिवाळीच्या आसपास बदलायचाय, तेव्हा सीलही बदलून 20 किलोमीटरची तपासणी परत करायची आहे.